ओडेटचे आकडे

हार्लन पाण्याखाली गेला की ओडेट मास्क लावून वर पालथी तरंगत राहायची आणि मनात सेकंद मोजायची. नजर त्याच्यावरून हलवायची नाही, आणि तो वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्याकडे बघत राहायचं, हा त्यांचा नियम. श्वास रोखून शिकार करणारा माणूस दगावतो तो बहुतेक वेळा वर पोचल्यावरच. बहामाजच्या बेटांत हवेची टाकी पाठीला बांधून मासे मारू देत नाहीत. हातात रबर ताणून सोडायचा भाला, आणि छातीत मावेल तेवढी हवा. नोव्हा स्कोशियाचा हिवाळा चुकवून हे दोघं बावीस वर्षं आपल्या 'सँडपायपर' या शिडाच्या होडीतून इकडे येत होते, आणि बावीस वर्षं वर आल्यावर हार्लनचा पहिला प्रश्न तोच असायचा, "किती?"

दोन वर्षांपूर्वी तो न्यूमोनियातून उठला. त्यानंतर पहिल्यांदा पाण्यात उतरला तेव्हा चौतीस सेकंदांत वर आला. ओठ थरथरत होते, डोळे मात्र लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे लागलेले. ओडेटच्या तोंडून निघून गेलं, "पन्नास." त्याचा चेहरा असा उजळला की आकडा मागे घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. मग ते खोटं सांभाळावं लागलं. चाळीस झाले की साठ सांगायचे, पंचेचाळीस झाले की सत्तर. वाळूवर आसपास नांगरलेल्या सगळ्या होड्यांची मंडळी आपापलं भांडं घेऊन जेवायला जमली, की हार्लन कोशिंबिरीच्याही आधी ते सत्तर सगळ्यांना वाढायचा. ओडेट शेजारी बसून मान हलवायची.

त्या मार्चमध्ये एका निर्मनुष्य बेटाच्या आडोशाला त्यांनी नांगर टाकला आणि छोटी रबरी डिंगी घेऊन ते खडकाकडे गेले. हार्लनने काचेच्या बुडाची बादली पाण्यावर टेकवून खाली पाहिलं.

"कपारीत हॉगफिश आहे. काय थोबाड आहे, अगदी डुकराचं!"

"नीट बघ. काचेत तुझंच दिसत असेल."

"आज माशाचा रस्सा खाताना सांग हे," तो म्हणाला आणि पाण्यात उतरला. त्याच्यामागून तीही उतरली.

"खोल आहे रे."

"खाली जायला पंधरा, आत शिरून नेम धरायला पंचवीस, वर यायला पंधरा. झाले पंचावन्न. माझे सत्तर आहेत. पंधरा शिल्लक राहतात, म्हातारे."

ओडेटच्याच आकड्यांवर तो आपला जीव बेतत होता. तिने तोंडातली श्वासाची नळी काढली. "हार्लन, थांब, तुला एक—"

पण तो डोकं खाली घालून गेलासुद्धा.

ती मोजू लागली. चाळीसला कपारीबाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. पन्नासला तो मागे सरकत बाहेर आला, भाल्याशिवाय. वर निघाला. अर्ध्या वाटेवर त्याचे पाय मारायचे थांबले. ओडेटने खाली सूर मारला, त्याचा दंड धरला आणि होती नव्हती ती ताकद लावून त्याला वर ओढलं.

त्याचे ओठ राखाडी पडले होते. डोळे उघडे होते, पण त्यात कोणी नव्हतं. तिने हनुवटी पाण्यावर धरली, मास्क ओढून काढला, चेहऱ्यावर फुंकर मारली. "श्वास घे. हार्लन, श्वास घे. घे की रे गाढवा!"

गंजलेलं दार उघडावं तसा आवाज करत त्याने श्वास घेतला. मग खोकला. मग दुसरा श्वास.

डिंगीत पडल्यापडल्या त्याने विचारलंच. "किती झाले?"

"एकसष्ट."

"एकसष्टात हे? माझे तर सत्तर—"

"तुझे सत्तर नाहीत. पंचेचाळीस आहेत. आजारपणापासून मी वाढवून सांगतेय."

तो उठून बसला.

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"वाळूवरच्या जेवणात त्या डेन्व्हरच्या दंतवैद्याला सत्तर सांगितले मी."

"दोनदा."

"मेलो असतो मी, ओडेट."

"माहीत आहे. तू खूश दिसायचास. त्यापलीकडचं मी पाहिलंच नाही."

त्या संध्याकाळी घेवड्याचा डबा फोडून त्याने गरम केला, तिची ताटली आधी भरली आणि पावाचा टोकाचा कडक तुकडा, जो तिला आवडायचा, न विचारता तिच्याकडे सरकवला. ओडेटने तो खाल्ला. माफी झाली असं मात्र तिने धरलं नाही.

सकाळी आठला आसपासच्या सगळ्या होड्या रेडिओ लावून बसतात. आधी वाऱ्याची खबर, मग कोण कुठे निघालं, मग कोणाला काय देऊन टाकायचंय. हार्लनने माइक उचलला. ओडेट किटली हातात धरून जागच्या जागी थांबली.

"सँडपायपरवरून हार्लन. बेटाच्या पूर्वेच्या कपारीत माझा भाला पडलाय. ज्याचा दम चांगला असेल त्याने काढून घ्यावा, फुकट आहे. मी जाणार नाही. माझा श्वास पंचेचाळीस सेकंदांचा आहे. मागे सत्तर म्हणालो होतो, ते माझं मोजण्यात चुकलं."

त्याने माइक खाली ठेवला.

"तुझं चुकलं?" ओडेट म्हणाली.

"मग काय सांगू सगळ्यांना? कॉफी ओत."

दुपारी ते किनाऱ्याजवळच्या उथळ खडकावर गेले, छातीभर पाण्यात. भाल्याशिवाय हार्लनला हातांचं काय करावं कळेना. कधी ते पाठीमागे धरी, कधी पोटाशी. शेवटी ओडेटने त्यातला एक आपल्या हातात घेतला. दोघं पालथे तरंगत राहिले. खाली बोटाएवढा एक निळा मासा शेवाळाचा आपला तुकडा राखत होता, पोपटमासे जवळ आले तरी त्यांच्या अंगावर धावून जात होता. हार्लनने मोकळ्या हाताचं बोट पुढे केलं.

पुढच्या क्षणी तो फसकन वर आला, नळी थुंकून. "चावला! बघितलंस? मला चावला तो!"

"चावू दे. बावीस वर्षं तुझी पाळी होती."

तो हसायला लागला, हसताहसता खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत ओडेट त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दोघांनी पुन्हा मास्क लावले.