भाला पडेपर्यंत

मैदानावर तिला सगळे नाकतोडी म्हणायचे. नाव मोठ्या भावाने ठेवलं होतं. शाळेत असतानाच तिचे पाय इतके लांब झाले होते की बाकावर बसली की गुडघे हनुवटीला टेकतील असं वाटायचं. पुढे ती हेप्टॅथलॉनमध्ये, म्हणजे एकीनेच सात खेळ खेळायच्या स्पर्धेत उतरली, देशाच्या संघात आली, तरी नाव तेच राहिलं. अडथळे, उंच उडी, गोळा, धावणं, सगळं बरं करायची. लांब उडी मात्र अशी मारायची की बाकीच्या मुली बुटाची नाडी बांधता बांधता थांबायच्या.

निवड स्पर्धेतही लांब उडीनंतर तीच पहिली होती. उरला होता भाला आणि शेवटची दोन फेऱ्यांची धाव.

भाल्याचं अंतर मोजायला टेपकाका होते. शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने टेप धरायला यायचे. दिसेल त्या मुलीला "जेवलीस का गं?" म्हणून विचारायचे.

मैदान मोकळं असल्याचं पांढरं निशाण वर गेलं. नाकतोडी धावली, भाला सुटला. सुटताक्षणीच तिला कळलं की वाऱ्याने तो डावीकडे ओढलाय. बाजूला सरकलेले टेपकाका नेमके तेव्हाच हातातून निसटलेली टेप उचलायला पुन्हा आत आले आणि वाकले. तिने ओरडायला तोंड उघडलं.

भाला मांडीत घुसला. काका ओरडलेसुद्धा नाहीत. दमलेला माणूस बसतो तसे नुसते खाली बसले.

"निशाण पांढरं होतं, तुझी काय चूक?" तिचे सर म्हणाले. चौकशीतही तेच निघालं. ती हॉस्पिटलात गेली, वॉर्डाच्या दारापर्यंत पोचली. आतून एका बाईचा आवाज आला, "पाय राहील ना हो डॉक्टर?" ती तशीच मागे फिरली. पुन्हा काही गेली नाही.

त्यानंतर भाला हातात घेतला की रिकाम्या मैदानात कुणीतरी वाकलेलं दिसायचं.

"सर, तिकडे कुणी आहे का?"

"कुणी नाही गं."

"नीट बघा ना."

सर नीट बघायचे. तोवर तिचा हात लुळा पडलेला असायचा. मग भीती घरातही शिरली. आई भाजी चिरत असली की ती तिच्या मागून जायची नाही. कुणी कात्री मागितली तर टेबलावर ठेवून लांब व्हायची, हातात द्यायची नाही. आईला वाटायचं, पोरगी रागावलीय.

शेवटी सर म्हणाले, "सोड तो भाला. नुसती उडी मार."

भाला सोडला म्हणजे हेप्टॅथलॉनही सुटलं. सातातलं एकच निवडलं म्हणून लोकांनी तिच्या हुशारीचं कौतुक केलं. लांब उडीत तिने पदकंही आणली. पण धावण्याआधी ती हात वर करून थांबायची आणि वाळू सारखी करणारी माणसं पार कडेला जाईपर्यंत हलायची नाही. प्रेक्षकांना ती तिची ऐट वाटायची. ते टाळ्या वाजवायचे. लहान मुली तिच्यासारखाच हात वर करून उड्या मारायच्या. ते पाहून ती मान फिरवायची.

टाच कायमची दुखायला लागली तेव्हा ती निवृत्त झाली आणि एका क्रीडाशाळेत शिकवायला लागली. तिथे तिच्या बहिणीची मुलगीही होती, उंचीने आणि हट्टाने मावशीवर गेलेली.

"मावशी, मला सातही खेळायचेत."

"उडी पुरे."

"तू खेळलीसच ना?"

भाला शिकवायचं काम तिने दुसऱ्या शिक्षिकेकडे दिलं. तो तास सुरू झाला की स्वतः सामानाच्या खोलीत शिरायची आणि रचलेलेच अडथळे पुन्हा रचायची. बाहेर कुणी मोठ्याने हसलं तरी हातातला अडथळा खाली ठेवून कान द्यायची.

भाचीच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेला ती शिक्षिका आजारी पडली. भाल्याच्या वेळी नाकतोडीलाच उभं राहावं लागलं. आणि गवतातून लंगडत, टेप हातात घेऊन, एक म्हातारा माणूस तिच्याच दिशेने आला.

"जेवलीस का गं?" टेपकाका म्हणाले.

तिला रडूच फुटलं. "काका, मी दारापर्यंत आले होते."

"आत यायचंस. आमची ही रोज दाराकडे बघायची. म्हणायची, त्या पोरीवर काय गुदरलं असेल."

"तुमचा पाय..."

"राहिला. थंडीत कुरकुर करतो."

"आणि तरी तुम्ही इथे येता? भीती नाही वाटत?"

"वाटते की! घरी बसून पाहिलं. दूधवाल्याने बेल वाजवली तरी दचकायचो. इथे निदान कुठून येणार ते दिसतं." ते हसले, पण बोलताना एकदाही त्यांनी मैदानाकडे पाठ केली नव्हती. "चल, आमच्या बाजूला उभी राहा. रेषेच्या बाहेर."

ती गेली. पळून जावंसं वाटत होतं, तरी गेली. भाला येतो त्या बाजूने तिने मैदान कधी पाहिलंच नव्हतं. भाची लांबवर एवढीशी दिसत होती. निशाण वर झालं, ती धावली. भाला आधी दिसलाच नाही, मग एकदम वर चमकला आणि थेट आपल्याच अंगावर येतोय असं वाटलं. नाकतोडीने काकांची बाही घट्ट धरली. डोळे मिटायचे नाहीत, एवढं एकच तिने स्वतःला बजावलं.

भाला त्यांच्यापासून बराच लांब गवतात रुतला. काकांनीही धरून ठेवलेला श्वास सोडला, तो तिला ऐकू आला.

"सोड आता, मोजायचंय," ते म्हणाले आणि लंगडत आत गेले.

पुढची मुलगी तयार झाली. भीती तसूभरही कमी झाली नव्हती, पण शेवटचा भाला पडेपर्यंत नाकतोडी तिथेच उभी राहिली.

भाची धावत आली. "मावशी, माझं कोपर खाली गेलं होतं का?"

नाकतोडीने कोपर पाहिलंच नव्हतं. तिने फक्त माणसं पाहिली होती.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "उद्या माझ्यासमोर फेक, सांगते."