दिसू नको, बाबा

बायडाबाईने शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडापुढची वात बोटाने पुढे सारली आणि रोजचे शब्द पुटपुटले, "तुझी वाट तुला, माझी वाट मला. दिसू नको, बाबा."

शेजारी हात जोडून उभी असलेली वांजिरू तेच म्हणत होती. केनियाहून आलेली ही पोर दोन महिने मढच्या शाळेत बिनपगारी इंग्रजी शिकवत होती आणि बायडाबाईच्याच घरी राहत होती. उद्या परत निघायची होती. आज तिने डोळे घट्ट मिटले होते. "दिसू नको, बाबा. दिसू नको."

"एवढं काय मागतीस गं?"

"वाघ. रोज मागते, काकू. बाबा, मला दिस, प्लीज."

बायडाबाईच्या हातातली काडेपेटी हातातच राहिली. "नको म्हंजे प्लीज? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मी भाकरी नको म्हणते, तू भाकरी वाढते. भात नको म्हणते, भात येतो. जोरात नको म्हटलं, की तूप पण येतं."

बायडाबाईने पदर तोंडाशी धरला. वाघोबापुढे असे हसू नये, पण आवरता आवरेना. डोळे पुसून तिने 'नको'चा खरा अर्थ सांगितला, तशी पोरीचा चेहरा उतरला. सिंहांच्या मुलखातली म्हणून गावाने तिला हजार प्रश्न विचारले होते. ती मात्र शहरात वाढलेली. तिने सिंह टीव्हीवर पाहिले तेवढेच. बायडाबाईचा पुतण्या गोकुळ याने तीन सकाळी दोघींना पिकअपमधून खालच्या उसाकडे 'सफारी'ला नेले होते. मोर दिसले, दुधाच्या गाड्या दिसल्या. बिबट्या, ज्याला गाव वाघच म्हणते, तो मात्र नाही.

"म्हणजे मीच त्याला येऊ दिलं नाही," ती हळूच म्हणाली.

हा नेम बायडाबाईला सासूने घालून दिलेला. एकतीस वर्षे त्या शब्दांच्या भरवशावर गोठ्यातले एकही करडू गेले नव्हते. तो मोडायचा कसा? आणि पाहुणीला अशी रिकामी धाडायची कशी? ती पुन्हा दगडापुढे वाकली.

"पावणी हाय, बाबा. हिला दिस, लांबून. माझं नको ते नकोच हाय."

तेवढ्यात बांधावर हॉर्न वाजला.

"काकू, आज तुमी ऱ्हावा घरी," गोकुळ म्हणाला. "तुमी असला की त्यो लाजतो राव."

"लाजू दे. मी येणार," म्हणत बायडाबाई पिकअपमध्ये चढलीसुद्धा.

तोडणी झालेल्या फडाशी ऊन नुकते पोचले होते. एका वळणावर गोकुळने ब्रेक दाबला, इंजिन बंद केले आणि नुसते बोट केले. वांजिरूचा हात बायडाबाईच्या मनगटावर पडला. बायडाबाईने डोळे मिटून घेतले.

टिटवी ओरडली. पाचट वाजले. बांगड्या मनगटात रुतत गेल्या, रुतत गेल्या, आणि मग सैल झाल्या.

"बघितला का न्हाई, काकू?" गोकुळ कुजबुजला.

"न्हाई. माझं ठरलेलं हाय त्याच्याशी."

"एवढा समोरनं गेला आन् तुमी डोळं मिटलं? धन्य हाय."

घरी आल्यावर चहा उकळेपर्यंत बायडाबाईला दम निघाला नाही. "कसा व्हता गं?"

वांजिरूने शब्द शोधले. मराठीत सापडेनात, इंग्रजीतही सापडेनात. मग तिने ओढणी बाजूला ठेवली आणि अंगणातून चालत गेली. खांदे एकापाठोपाठ एक वर येत होते, पाऊल टेकत होते पण वाजत नव्हते. तुळशीपाशी थांबून तिने मान वळवून पाहिले, कुणाची पर्वा नसल्यासारखे. दावणीची शेळी ताडकन उठून उभी राहिली. बायडाबाई हसता हसता उंबऱ्यावरच बसली. चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी वांजिरूची गाडी आळेफाट्याकडे गेल्यावर बायडाबाई एकटीच दगडापाशी आली. वात लावली, हात जोडले.

"तुझी वाट तुला, माझी वाट मला. दिसू नको, बाबा."

मग तिने डोळे उघडले, आणि 'नको नको' म्हणत भरल्या ताटावर हात आडवा धरून बसलेल्या पाहुणीसारखी थोडा वेळ तिथेच थांबली.