एकोणिसाव्या गल्लीतले चार रुग्ण

"सातवी गल्ली!" बाबा डोळे मिटून गरजले. "तिथे देवीचं पाऊल पडलंय. तीन घरं!"

अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. दोघे सातव्या गल्लीकडे पळाले आणि धापा टाकत परतले. जुलाब-उलट्या, तीन घरं, अगदी बरोब्बर! आठवड्यातली ही पाचवी वेळ. लगेच बाटल्या घेऊन रांग लागली. बाबा अंगणातल्या नळाचं पाणी मंतरून देत. "हेच औषध. दवाखान्याची पायरी चढलात तर ती दुप्पट कोपेल."

रांगेत माझी ताईही होती. तिची सहा वर्षांची पोर कालपासून जुलाबांनी गळून गेली होती.

"ताई, डोळे बघ तिचे, किती खोल गेलेत! दवाखान्यात चल."

"तू गप्प बस. तुझ्या कॉम्प्युटरला आधी काही कळतं का? बाबांना कळतं."

हे जिव्हारी लागलं. मी आरोग्य केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. नर्स घरोघरी फिरून फोनवर नोंदी करतात, औषधांची दुकानंही नोंदी पाठवतात, आणि साथ कुठे सरकतेय ते कळावं म्हणून मी रोज दुपारी गल्लीवार यादी करते. बाबांची सभा चारला. मी तडक केंद्रात गेले आणि डॉक्टरबाईंना बाबांचे अचूक आकडे सांगितले.

"ही यादी कोणाकोणाला जाते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"स्वयंसेवकांच्या ग्रुपवर, चौदा जणांना. उघडत कोणीच नाही. सगळे नुसते जोडलेले हात टाकतात."

"एक जण उघडतोय."

चौदांत बाबांचा पट्टशिष्य होता. सेवाभावी माणूस म्हणून मीच त्याला घेतलं होतं! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

डॉक्टरबाई ताईच्या घरी गेल्या, ताईने दारच उघडलं नाही. मी मागच्या दाराने जाऊन पोरीला उकळलेलं मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. तिला मान धरवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खऱ्या नोंदींना हात न लावता, फक्त ग्रुपवरच्या यादीत एक ओळ वाढवली: एकोणिसावी गल्ली, चार रुग्ण.

चार वाजले. "एकोणिसावी गल्ली!" बाबा थरथरले. "चार घरं! लेकरं तळमळताहेत, मला ऐकू येतंय!"

या वेळी पळत जाऊन बघायला कोणी उठलं नाही. एकोणिसाव्या गल्लीत एकही घर नाही, दोन्ही बाजूंना कुलूपबंद गोदामं. गुरू-शिष्य महिन्यापूर्वीच आलेले, त्यांना गल्ल्या फक्त आकड्यांनी ठाऊक.

"बाबा," मी उभी राहिले, "तळमळतंय कोण? उंदीर?"

कोणीतरी फिसकन हसलं. मी फोन उघडून आजची, कालची, परवाची यादी मोठ्याने वाचली. शिष्य मागच्या मागे सटकला. ताई हसली नाही. तिने हातातली बाटली टाकली, मांडीवरच्या पोरीला उचललं आणि अनवाणीच केंद्राकडे धावत सुटली.

पोरीला सलाइन लागलं. डॉक्टरबाईंनी माझ्याच याद्या घेऊन भिंतीवरच्या नकाशावर टिकल्या लावल्या. तिसरी गल्ली, चौथी, सातवी... सगळ्या जुन्या पाइपलाइनवर. तीच लाइन बाबांच्या अंगणातल्या नळाला. खणलं, तर फुटलेल्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरत होतं. म्हणजे लोक औषध म्हणून रोगच बाटलीत भरून नेत होते.

भाची वाचली. सातव्या गल्लीतले शिंपीकाका वाचले नाहीत. त्यांच्या उशाशी अर्धी बाटली सापडली.

बाबा पळाला. त्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण ती पाइपलाइन अकरा दिवस माझ्या यादीत दिसत होती. मी टाइप करत होते, बघत नव्हते. चौदांतले तेरा जण हात जोडत होते. यादी वाचली ती एका लबाडाने, आणि तेवढ्यावर तो देव झाला. आपण आपली माहिती आपल्या डोळ्यांनी वाचली असती, तर शिंपीकाका आज मशीनवर बसलेले असते.

आजची यादी आत्ताच पाठवलीय. बारावी गल्ली, दोन रुग्ण, आणि दोघंही त्या पाइपलाइनवरचे नाहीत. पाच मिनिटांत ग्रुपवर तेरा जोडलेले हात आलेत.

अरे, हात सोडा. यादी उघडा आणि वाचा.