वरची रेघ, बारीक तार

"ओळख पाहू, कोणतं गाणं हाये?"

बाबांनी त्या रविवारी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आठवीच्या इंग्रजीच्या अडतीस उत्तरपत्रिका माझ्यापुढे उरल्या होत्या. ते ओसरीत खुर्चीवर, मांडीवर गिटार घेऊन बसले होते. समोर स्टुलावर वही, आणि वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून तिच्यावर पक्कड.

"बाबा, हे गाणं नाही. नुसता आवाज आहे."

"नीट आयक ना."

पुन्हा डाव्या पायाची चप्पल फरशीवर आपटू लागली. टप, टप, टप-टप, मग एक लांब थांबा. आणि त्यावर तेच बेसूर.

रस्त्यानं जाणारे गुलाबराव थांबले. "काऊन बे देवानंद, रिटायर झाला तरी तारा सुटल्या नाही काय तुह्या?"

"या तारेत करंट नाही ना गड्या, म्हणून भेव वाटते," बाबा म्हणाले.

चौतीस वर्षं ते लाइनमन होते. उंद्रीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या प्रत्येक खांबाची त्यांना ओळख होती. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी ते चिखलीहून एक जुनी गिटार घेऊन आले. तिथे प्रसेनजित नावाचे एक तरुण सर क्लास घेतात. बाबांनी त्यांना एक चाल गुणगुणून दाखवली आणि सरांनी ती छापील वहीत उतरवून दिली. सहा आडव्या रेघा, रेघांवर आकडे, मध्येच इंग्रजी अक्षरं. चाल कशाची, ते बाबा सांगत नव्हते. ती मी ओळखायची होती.

"हे पाह्य. पाच, एच, सात, पी, पाच. एचपीची मोटर बसवाले सांगते काय हा? आन ही तिरपी रेघ? तार तुटली काय इथं?"

"सरांना विचारा."

"इचारलं. ते म्हणे, खाली सगळं लिवलं हाये." त्यांनी वही पुढे केली. पानाच्या तळाशी बारीक इंग्रजीत पाच-सहा ओळी होत्या. सरांपुढे इंग्रजी येत नाही म्हणायला ते लाजले असणार. "तुले दोन मिन्टं लागतीन, मंजू. वाचून दे ना, माय."

"उद्या," मी म्हणाले. वर पाहिलंही नाही. "आणि आता जरा थांबा. डोकं दुखतंय."

चप्पल थांबली.

सोमवारी मी नऊच्या एसटीनं शाळेत गेले. दुसऱ्या तासाला गुलाबरावांचा फोन आला. बाबा सरांना भेटायला अकराच्या गाडीची वाट पाहत फाट्यावरच्या बाकावर बसले होते. बसल्या बसल्याच गेले. गिटार बाकाला टेकवून ठेवलेली होती आणि वही मांडीवर उघडी.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मी ते पान वाचलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार. शून्य म्हणजे तार न दाबता वाजवा. फुली म्हणजे आवाज बंद.

समासात बाबांच्या पेन्सिलीचं अक्षर होतं: 'वरची रेघ — जाड तार. ० — बंद.'

गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर येते. खांबावरची वरची तार लाइनच्या नकाशातही वरच असते, म्हणून त्यांनी रेघा तशाच धरल्या. आणि शून्य? चौतीस वर्षं स्विचवरचं शून्य पाहून मगच ज्यांनी तारेला हात लावला, त्यांनी प्रत्येक शून्य बंद समजून सोडून दिलं होतं. तीन आठवडे ते अख्खं गाणं उलटं आणि अर्धवट वाजवत होते. मला राग आला. त्या सरांचा, त्या बारीक अक्षरांचा. तो राग तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं.

मी गिटार घेतली. वरची रेघ, खालची बारीक तार. आकडा म्हणजे दांडीवरचं कितवं घर. एच म्हणजे वाजत्या तारेवर दुसरं बोट आपटायचं, पी म्हणजे ते ओढून काढायचं. बोटांची टोकं हुळहुळली. ओळ बरोबर वाजवली तरी काहीच कळेना. पुन्हा वाजवली. पुन्हा. एकामागून एक सुटे आवाज, उत्तरपत्रिकेतल्या पाठ केलेल्या शब्दांसारखे. बोट कुठे ठेवायचं ते त्या वहीत होतं. किती वेळ थांबायचं ते कुठेच नव्हतं. मी वही भिंतीवर फेकली. मग उठून उचलून आणली.

ओसरीत बाबांच्या घरी घालायच्या चपला तशाच होत्या. मी डावी पायात घातली. टप, टप, टप-टप. मग लांब थांबा.

त्या थांब्यात ते सूर आपोआप बसले.

लाईन गेली, लाईन आली, बाबा खांबावर.

पाच वर्षांची असताना मी हे रचलं होतं. ते वर चढायचे आणि मी त्यांची पिशवी धरून खाली उभी राहून हे ओरडायचे. आठवीत मुली 'वायरमनची पोर' म्हणून चिडवू लागल्या, तेव्हा घरात हे कुणी म्हणायचं नाही असं मीच बजावलं होतं. त्यानंतर ते बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

शेवटी ती तिरपी रेघ होती. बोट न उचलता तारेवरून वरच्या घरापर्यंत सरकवायचं. 'खांबावर' म्हणताना माझा आवाज असाच वर चढायचा. बाबांनी तो चढ सरांना गुणगुणून दाखवला असणार, आणि सरांनी तो लिहून घेतला होता.

मी बोट सरकवलं. तार करकरली, पण सूर वर गेला.

"ओळखलं, बाबा," मी रिकाम्या खुर्चीकडे पाहून मोठ्यानं म्हणाले. "हे माह्यं गाणं हाये. वाजवा आता, मी आयकून राह्यली."