सर्व चाके मोजावीत

ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर गेली एकवीस वर्षं एकाच रेसिंग टीमच्या पाठीशी होत्या आणि टीमनं एवढ्या काळात त्यांची एकदाही लाज राखली नव्हती. रखरखीत उन्हात पावसाळी टायर लावणं, टायर बदलायला बोलावलेल्या ड्रायव्हरला "आत्ता कशाला आलास?" असं विचारणं, हे सगळं सिस्टरांनी पोटात घातलं होतं. पण त्या रविवारी टीमनं तीनच चाकं बसवून गाडी सोडून दिली. चौथ्यावर एक मेकॅनिक बसला होता. दमला होता म्हणे.

"चार रे मेल्यांनो, चार!" सिस्टर टीव्हीवर ओरडल्या. "मी रोज चाळीस-चाळीस गॉज मोजते!"

"त्यांना ऐकू जात नाही," नवरा म्हणाला. "मला जातं."

गॉजचं खरंच होतं. टाके घालण्याआधी, रक्त टिपायला पोटात गेलेला प्रत्येक गॉज बाहेर आला की नाही, हे दोन नर्सनी मोठ्यानं दोनदा मोजायचं, असा सिस्टरांचा नियम होता. आकडा जुळेपर्यंत सर्जन सुई धरून ताटकळत. सर्जन दुसऱ्या रेसिंग टीमचे चाहते. त्यांची टीम चारही चाकं दोन सेकंदांत बदलायची आणि ते जणू स्वतःचंच कर्तृत्व असल्यासारखे सर्जन वागायचे.

"काय सिस्टर, रिक्षा काढली म्हणे तुमच्या टीमनं?" सोमवारी ते म्हणाले. "तुमची मोजणी बंद करू या. फार वेळ खाते. आमच्याकडे बघा, दोन सेकंद."

"पोट आहे ते, डॉक्टर. टायर नाही."

"मग लावा पैज. येत्या रविवारी तुमची गाडी आमच्या पुढे आली तर जन्मभर मोजा. नाहीतर सोमवारपासून बंद."

सर्जन विभागप्रमुखही असल्यानं पैजेचं परिपत्रक निघालं आणि फळ्यावर लागलं. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. जावक क्रमांक होता.

म्हणजे आता पेशंटांची पोटं अशा लोकांच्या हाती होती, ज्यांना चारपर्यंत मोजता येत नव्हतं. सिस्टरांनी जेवणाच्या सुट्टीत टीमला पत्र लिहिलं: 'सर्व चाके दोन जणांनी मोठ्याने मोजावीत. आकडा जुळल्याशिवाय गाडी सोडू नये. दोघांच्याही सह्या घ्याव्यात.' तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'सूचना अमलात आणत आहोत.' टीमनं कुणाचंतरी ऐकल्याची ही पहिलीच वेळ.

रविवारी अर्धी रेस होईपर्यंत त्यांची गाडी चक्क पहिली होती. मग ती टायर बदलायला आत आली. तीन सेकंदांत टायर बदलले आणि मोजणी सुरू झाली.

"चार," पहिला मेकॅनिक म्हणाला.

"पाच," दुसरा म्हणाला.

परत मोजलं. चार. पाच.

"निघू का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"थांब रे, जुळत नाहीये."

दुसरा मेकॅनिक ड्रायव्हरच्या हातातलं चाकही मोजणीत धरत होता.

"ते कशाला मोजतोय हा गाढव?" सिस्टर किंचाळल्या.

"तूच लिहिलंस ना, सर्व चाके?" नवरा म्हणाला.

शेवटी एकमतानं आकडा पाचावर ठरला. दोघांनी सह्या केल्या. गाडी शेवटून पहिली आली.

सोमवारी सर्जन शीळ घालतच थिएटरात शिरले. पेशंटला पाठीत भूल दिली होती. तो पडद्याआड जागा होता. ऑपरेशन झालं आणि सर्जनांनी हात पुढे केला. "सुई."

सिस्टरांनी सुई दिली. एकवीस गॉज पोटात गेले होते, एवढं त्यांना ठाऊक होतं. बाहेर किती आले, हे ट्रेमधल्या ढिगाकडे बघून कळत नव्हतं.

"मोजलं नाहीत?" पडद्याआडून आवाज आला.

"तसं परिपत्रक आहे," सर्जन म्हणाले. "तुम्ही झोपा."

"छातीखाली झोपलोय. कालची रेस बघितली मी. हरले, पण आकडा जुळेपर्यंत गाडी सोडली नाही पठ्ठ्यांनी. माझ्या पोटाला अशीच टीम हवी."

सिस्टरांनी ट्रे जवळ ओढला.

"डॉक्टर, मोजायची बंदी मला आहे. पेशंटला नाही."

त्या एकेक गॉज चिमट्यानं उचलून पडद्यावरून दाखवू लागल्या. पेशंट खणखणीत आवाजात मोजू लागला. ट्रे रिकामा झाला तेव्हा तो विसावर होता.

"परत," सिस्टर म्हणाल्या.

परत वीसच.

सर्जनांनी सुई खाली ठेवली आणि पोटात हात घातला.