हॉलिसची पाटी

व्हर्लीन टॅकेटने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि काउंटरवर ठेवला.

"हॉलिसची पाटी उतरवायला आलेय," ती म्हणाली. "शिडी दे."

काउंटरमागे टोस्टला लोणी लावणाऱ्या रोवेनाचा हात थांबला. शेगडीपुढे उभ्या असलेल्या लेलँडनेही मान वळवली. या डायनरचा मालक तोच आणि आचारीही तोच. व्हर्लीनने वीसेक वर्षांत इथलं दार उघडलं नव्हतं. तिचा नवरा हॉलिस तिला सोडून नदीपलीकडे डोरीनकडे राहायला गेला, आणि दुपारचं जेवण रोज इथे घेऊ लागला, तेव्हापासून. गेल्या महिन्यात तो वारला.

वारला, पण गावाच्या तोंडून काही गेला नाही. एखादं गिऱ्हाईक एकच पदार्थ वर्षानुवर्षं चिकाटीने मागत राहिलं, की लेलँड त्या पदार्थाला त्याचंच नाव देतो आणि लाकडी पाटीवर रंगवून भिंतीवर लावतो. हॉलिसची पाटी सगळ्यांत वर होती.

"पाद्री भेटला तरी सांगतो, आत्ताच एक हॉलिस खाल्ला," व्हर्लीन म्हणाली. "दाताचा डॉक्टर माझ्या तोंडात हत्यार घालून तेच सांगतो. मेला तरी लोक त्याला चवीने खातायत! मी काय मरेपर्यंत ऐकत बसू?"

"अगं, नियम आहे एक," रोवेना जरा चाचरत म्हणाली.

"माहितेय मला नियम. आण ताटली."

नियम लेलँडच्या बापाने घालून दिलेला. ज्याला पाटी उतरवायची असेल, त्याने आधी तो पदार्थ मागवायचा आणि चाटूनपुसून खायचा. उपाशीपोटी कोणीही चिडतं. पोट भरल्यावरही राग टिकला तरच तो खरा, असं म्हाताऱ्याचं म्हणणं होतं.

"एक हॉलिस!" रोवेनाने हाळी दिली.

इथे पदार्थाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची पद्धतच नाही. पाणी म्हणजे 'शहरी सरबत'. टोस्टवरची दोन अंडी म्हणजे 'तराफ्यावर आदम आणि हव्वा'. पदार्थ संपला, की 'शहाऐंशी'. शहाऐंशीच का, ते कोणालाच माहीत नाही. पण सांगायला बसले की प्रत्येकजण छातीठोक सांगतो आणि दरवेळी वेगळंच सांगतो. हॉलिस या पदार्थाचीही अशीच एक कथा गावात होती. बर्फाने रस्ते बंद पडले होते, तेव्हा हॉलिसने लेलँडच्या स्वयंपाकघरात शिरून उरलंसुरलं परतलं आणि हा पदार्थ शोधून काढला म्हणे.

ताटली आली. मक्याच्या शिळ्या पावाचे तळलेले तुकडे, बेकन, सफरचंदाच्या फोडी, मऊ फिके कांदे. व्हर्लीनने पाठ ताठ केली आणि औषध घ्यावं तसा पहिला घास घेतला.

तिचा काटा हवेतच राहिला.

"यात लोणच्याचं पाणी आहे," ती म्हणाली. "काकडीच्या."

"हो. बरणीतलं," लेलँड म्हणाला. "हॉलिसनेच घालायला लावलं. मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? तर इथे शेजारी उभा राहून त्याने माझ्याकडून करून घेतलं."

व्हर्लीन ताटलीकडे बघत राहिली. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पोलादाच्या कारखान्यात संप झाला होता. घरात व्हिनेगर नव्हतं, काहीच नव्हतं. वैतागून तिने लोणचं संपलेल्या बरणीतलं उरलेलं पाणी तव्यावर ओतलं होतं. हॉलिसने तवासुद्धा पुसून खाल्ला होता.

"आणि गाव म्हणतं, त्याने शोधून काढलं?"

"तो कधीच तसं म्हणाला नाही. कोणी विचारलं तर सांगायचा, आमच्या घरी असं करतात."

"कुठल्या घरी?"

लेलँडने फडकं उचललं आणि स्वच्छ असलेलीच फळी पुसायला घेतली. उत्तर रोवेनाने दिलं.

"डोरीनला तर लोणच्याचा वाससुद्धा चालत नाही."

व्हर्लीनला राग आला, आणि तो घरून घेऊन निघालेला राग नव्हता. जेवायला रोज तिच्या हातची चव आणि निजायला नदीपलीकडे! एवढ्या वर्षांत त्याला एकदा येऊन सांगता आलं नाही? डोळे भरून आले. ते तिने पुसले नाहीत, खात राहिली. शेवटी पावाच्या तुकड्याने ताटली पुसून तोही तोंडात टाकला.

"साफ," ती म्हणाली.

लेलँडने शिडी आणली आणि स्वतःच चढायला लागला. तिने त्याला हाताने बाजूला केलं. गुडघे कुरकुरत होते तरी ती वर चढली, चारही स्क्रू काढले आणि पाटी खाली आणून काउंटरवर पालथी ठेवली. भिंतीवर तेवढीच जागा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होती.

व्हर्लीन कोटाची बटणं लावू लागली.

तेवढ्यात दार उघडून पोस्टमन वेंडेल आत आला. बुटांवरचा बर्फ झटकत तो नेहमीच्या स्टुलावर बसला.

"एक हॉलिस दे गं, रोवेना. पार गारठलोय."

"हॉलिस शहाऐंशी."

"काय? सकाळपासून त्याच आशेवर फिरतोय मी!"

रोवेनाने व्हर्लीनकडे पाहिलं. लेलँडनेही पाहिलं. व्हर्लीनने लावलेली बटणं एकेक करून पुन्हा काढली, कोट खुंटीला अडकवला आणि वेंडेलच्या शेजारच्या स्टुलावर बसली.

"पदार्थ आहे," ती म्हणाली. "नाव बदललंय." मग शेगडीकडे वळून तिने आवाज चढवला. "लेलँड, एक व्हर्लीन! आणि कांदे चांगले करपेपर्यंत परतून घे. ते मऊ कांदे त्याला आवडायचे. मला कधीच आवडले नाहीत."

लेलँडने आच वाढवली.