टोक नखांकडे

आमच्या क्लॅडात, आयर्लंडच्या या कोळीवाड्यात, बाईचं काय चाललंय ते विचारावं लागत नाही, हात बघितला की कळतं. दोन हातांनी धरलेलं काळीज आणि वर मुकुट, अशी आमची अंगठी. उजव्या हातात असली आणि काळजाचं टोक नखांकडे असलं, तर बाई मोकळी. टोक मनगटाकडे, तर कुणीतरी मनात भरलाय. आणि डाव्या हातात टोक मनगटाकडे, म्हणजे लग्न झालेली.

माझी बावीस वर्षं डाव्या हातात होती. त्यातली अकरा वर्षं माझा नवरा कोलमन बर्मिंगहॅमला होता. बांधकामावर म्हणून गेला आणि तिथंच दुसरीबरोबर संसार थाटून बसला मेला. पत्र नाही, नाताळचं कार्ड नाही. आमच्या देशात अजून घटस्फोट नाही, म्हणून मी ना धड बायको, ना धड विधवा.

या वर्षी फेब्रुवारीत सेंट ब्रिजिडच्या सणाला बोटाला साबण लावला, अंगठी उपसून काढली आणि उजव्या हातात घातली. टोक नखांकडे. शनिवारी तशीच मासळी घेऊन बाजारात बसले. बायका बांगडा कमी आणि माझं बोट जास्त बघत होत्या.

"नवीन कुणी गाठलायस काय गं, डेलिया?" शेजारच्या पाटीवरच्या नोरानं विचारलं.

"नाही गं बाई. पहिल्याचाच वीट अजून उतरला नाही."

हे सगळं निभावलं असतं. पण जूनमध्ये माझ्या सबीनाचं लग्न ठरलं होतं, हेशनांच्या फेस्टसशी. पोरगी त्याच्यावर जीव टाकते. लग्नाच्या आठ दिवस आधी त्याची आई केक घेऊन आली.

"विहीणबाई, एक बोलू? राग मानू नका."

"बोला. मानायचा की नाही ते मी बघते."

"चर्चमध्ये आमचं सगळं गणगोत येणार. तेवढा एक दिवस अंगठी डाव्या हातात घाला. नाहीतर फेस्टसचे वडील म्हणतात, लग्न पुढं ढकलू."

"जमणार नाही."

"मग असं करा. आईनं आपली अंगठी थोरल्या लेकीला लग्नात द्यायची, ही तुमचीच रीत ना? दारातच देऊन टाका. बोट रिकामं, विषय मिटला."

काय पण डोकं! रीत खरी होती. माझ्या आईनं मला याच चर्चच्या पायरीवर दिली होती. पण हिनं त्याच रीतीनं माझं तोंड बंद करायचं ठरवलं होतं. माझ्यापुरतं असतं तर केकसकट तिला बाहेर काढलं असतं. पण पोरीचं लग्न मोडलं तर? मी "बरं" म्हटलं, आणि ती गेल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या.

लग्नाच्या दिवशी हेशनबाई दारात पहारा देत उभी. मी पायरीवर अंगठी काढून सबीनाच्या तळहातावर ठेवली.

"हे काय, आई?"

"तुझी. रीत आहे आपली."

"मग तोंड असं का झालंय तुझं?"

माझी नजर दाराकडे गेली. सबीनानं सासूकडे पाहिलं. सासूनं घाईघाईनं टोपी सारखी केली. पोरीला सगळं कळलं. उशीर का होतोय ते बघायला फेस्टसही बाहेर आला होता.

सबीनानं माझा उजवा हात ओढला आणि अंगठी परत माझ्या बोटात घातली. टोक नखांकडे.

"माझ्या आईची अंगठी अजून वापरात आहे," ती आतल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली. "फेस्टस, चालेल का तुला? नसेल तर आत्ताच सांग, मी घरी जाते."

"फेस्टस!" हेशनबाई ओरडली.

तो कानापर्यंत लाल झाला होता. "आई, तू आत जाऊन बस," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुम्हीच घेऊन या हिला आत. नवरीला आत आणायचा मान वडिलांचा, ती जागा रिकामीच आहे."

सबीनानं माझा हात धरला. मी सगळ्या बाकांमधून रडत गेले, हुंदके देऊन, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.